मिस्टर फिन्टन हसत नाहीत

१९९७ सालचा फेब्रुवारी महिना, शनिवारची सकाळ. रक्कम चार हजार दिरहॅम, म्हणजे तेव्हाच्या भावाने एकोणचाळीस हजार रुपये. ठिकाण दुबईत अल क्वोजमधल्या आमच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीची मीटिंग रूम. हजर चौघे: जनरल मॅनेजर मिस्टर इलियास, सेफ्टी ऑफिसर, हिशेबासाठी मी, आणि मजुरांसाठी सेफ्टीची फिल्म लिहिण्याबद्दल ज्याला ही रक्कम द्यायची की नाही हे ठरायचं होतं तो आयरिश माणूस, मिस्टर फिन्टन.

इलियाससाहेब लेबनॉनचे, अंगाने भरभक्कम. "चार हजार? एका फिल्मचे? हबीबी, एवढ्यात मी..." असं म्हणत ते मागे रेलले आणि खुर्चीचा पाय निखळला. साहेब आधी डावीकडे कलले. मग त्यांनी टेबल धरलं. टेबल सुटलं तेव्हा टेबलावरचा चहाचा थर्मास धरला आणि थर्मास पोटाशी घेऊनच खाली गेले. सेफ्टी ऑफिसर छताकडे बघू लागला. मी फाइलमध्ये तोंड घातलं, कारण माझा पगार साहेबांच्या सहीने निघायचा. मिस्टर फिन्टन मात्र शांतपणे बघत होते. हसणं नाही की हसू दाबणं नाही. साहेब उठून बसल्यावर, डॉक्टरने काविळीचं निदान सांगावं तशा आवाजात ते म्हणाले,

"फनी. पण टेबलापाशीच संपायला हवं होतं. थर्मास जास्त झाला."

इलियाससाहेब क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग स्वतःच खो खो हसत सुटले. चार हजार मंजूर झाले. पण शर्त घातली गेली. "ही फिल्म बघून माझी माणसं बेल्टचा हुक लावायला लागली, तर तुझा करार पुढे चालू. नाही लागली, तर खलास. तू तुझ्या देशात, मी माझ्या खुर्चीत."

"त्या खुर्चीत नको," मिस्टर फिन्टन म्हणाले. तेव्हाही ते हसले नाहीत.

मी या माणसाला सहा वर्षं ओळखत होतो. तो माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचा, माझ्या गाडीतून ऑफिसला यायचा, आमच्याकडे चहा प्यायचा. एवढ्या काळात त्याला हसताना मी एकदाच पाहिलं. ते शेवटी येईलच. आणि हा माणूस पेशाने टेलिव्हिजनचा विनोदी लेखक होता.

आखातात कुणाला आडनाव नसतं. मिस्टर आणि पुढे पहिलं नाव, मग माणूस कुठलाही असो. मी मिस्टर वसंत, ते मिस्टर फिन्टन. वय पंचावन्नच्या आसपास, उंच, हडकुळे, आणि उन्हाने असे लालभडक की सुरुवातीला वॉचमनला वाटायचं, साहेब कायम रागावलेले असतात. आमच्या कंपनीत ते फोरमन लोकांना इंग्रजी शिकवायला सहा-सहा महिन्यांच्या करारावर आले होते. गोरी माणसं दुबईत समुद्राकडेच्या बंगल्यांतून राहायची. हे राहायचे शेजारच्या शारजात, रोल्ला भागात, खाली कापडाची दुकानं, वर आम्ही. शारजात दारूबंदी. आयरिश माणसाने शारजात घर घेणं म्हणजे मालवणी माणसाने मासळीबाजाराकडे पाठ करून घर बांधण्यासारखं. मी एकदा विचारलंच.

"मला ती कधी आवडलीच नाही," ते म्हणाले. "तिकडे कुणाला पटत नाही. इथे कुणी विचारत नाही. शिवाय तुम्ही लोक दारं उघडी ठेवून भांडता. लेखकाला यापेक्षा काय पाहिजे?"

विनोद त्यांना कळायचा, पण तो ते सोनाराने सोनं बघावं तसा बघायचे. कसाला लावायचा, वजन करायचं, परत द्यायचा. आमची लिफ्ट एकदा मधेच अडकली. आत मी, ते, आणि एक जण गादी घेऊन. अर्धा तास आम्ही तिघं गादीला टेकून उभे. सुटका झाल्यावर ते म्हणाले, "फनी. पण गादीवाला मधे बोलला, ते चुकलं." माझ्या बायकोचे, सुनंदाचे, गुलाबजाम एकदा इतके घट्ट झाले की एक ताटलीतून उडून सोफ्याखाली गेला. आम्ही सगळे हसलो. हे गुडघ्यावर बसून सोफ्याखाली बघत म्हणाले, "व्हेरी फनी. कुत्रा असता तर आणखी."

सुनंदा वैतागायची. "हा माणूस दारात उभा राहिला की मला पदर सारखा करावासा वाटतो, आणि वाक्यसुद्धा. हसला तर याला काय बिल येतं?"

"आई, ही इज अ प्रोफेशनल," आमची मुलगी म्हणायची. "प्रोफेशनल्स डोन्ट लाफ."

त्यांच्या कारकिर्दीची हकीकत मला तुकड्यातुकड्याने गाडीत कळली. शारजा-दुबई रस्त्यावर सकाळी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नसे, त्यामुळे एखाद्या माणसाचं अख्खं आयुष्य ऐकून व्हायला फार दिवस लागत नसत. तरुणपणी ते सरकारी कचेरीत वाहनकराच्या पावत्या फाडायचे. कंटाळा घालवायला एक प्रहसन लिहून टेलिव्हिजनकडे पाठवलं आणि ते घेतलं गेलं. मग मालिका आली. एका खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानाची मालकीण, जिला कुणाला काही विकायलाच आवडत नाही. गिऱ्हाईक शिडी मागतं. ती चष्म्यावरून बघून विचारते, "शिडी घेऊन तू काय करणार?" छप्पर गळतंय म्हणून सांगितलं, तर म्हणते, "मागच्या खेपेला तुझा बाप चढला होता. काय झालं आठवतंय ना? घरी बादली आहे? मग ती खाली ठेव, आणि जा."

"चाललं का हे?" मी विचारलं.

"चार वर्षं. रविवारी रात्री देशातली निम्मी माणसं तेच बघायची. बसमध्ये पोरं एकमेकांना विचारायची, 'तिकीट घेऊन तू काय करणार?'"

"ही बाई तुम्हाला सुचली कशी?"

"डोक्यातून," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखा फक्त सिमेंटचा मिक्सर होता.

पुढे ते लंडनला गेले. तिथे दोन मालिका लिहिल्या. दुसरी अर्ध्यात बंद पडली. मग इतरांच्या संहिता दुरुस्त करून देण्याचं काम. "बिनहसूची पानं माझ्याकडे यायची, पंक्चरची सायकल येते तशी. एके दिवशी माझ्याकडचीच हवा संपली." दहा वर्षं त्यांनी स्वतःचा म्हणून एक विनोद लिहिला नव्हता. म्हणून इंग्रजी शिकवायला आखातात.

आता या माणसापुढचं काम असं होतं. उंचावर काम करताना कमरेच्या बेल्टचा हुक लोखंडी पाइपला अडकवायचा असतो. आमची माणसं बेल्ट बांधायची, पण हुक नुसताच लोंबत ठेवायची. जानेवारीत निजामाबादचा एक मिस्त्री परांचीवरून खाली पडला. नशिबाने वाळूच्या ढिगावर. पायावर निभावलं. कंपनीकडे दोन सेफ्टी फिल्म होत्या, एक इंग्रजीतली आणि एक सांगाडे दाखवणारी. दोन्ही लावल्या की एसीच्या गारव्यात माणसं शांत झोपायची. आणि माणसं कुठली? केरळची, पेशावरची, चितगावची, आंध्रची. एक शब्द बोललात तर तीनचतुर्थांश लोकांना कळणार नाही. म्हणजे आयुष्यभर संवादांवर जगलेल्या लेखकाने संवादाशिवाय हसवायचं.

त्याच महिन्यात माझी आई कराडहून व्हिजिट व्हिसावर आली.

आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं आणि मिस्टर फिन्टनना मराठीचं. त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं. ती त्यांना 'अरे' म्हणायची आणि मराठीत बोलायची, ते इंग्रजीत उत्तर द्यायचे. दुसऱ्याच शुक्रवारी ते चहाचा कप ठेवून मला म्हणाले, "मला तुमच्या आईची गरज आहे. भाषा न कळणारा आणि मला घाबरून न हसणारा प्रेक्षक मला दुसरा कुठे मिळणार?"

मग दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आमच्या हॉलमध्ये तालीम होऊ लागली. हे स्टुलावर चढून मिस्त्री व्हायचे, कमरेला सुनंदाची ओढणी, हातात लाटणं. पहिल्या दिवशी ते तोल जाऊन, हात फिरवत, व्यवस्थित तीन टप्प्यांत दिवाणावर पडले. मुलगी टाळ्या वाजवायला लागली. आई उठून उभी राहिली.

"अगं बाई! सुनंदा, हळद आण आधी! लागलं का रे?"

"आई, ते नाटक करतायत."

"पडायचं कसलं नाटक? या वयात?"

पुढच्या शुक्रवारी वरून वीट पडायची, म्हणजे उशी. आईने मान हलवली. "कशाला त्या गरिबाच्या डोक्यात घालताय? त्याला आई आहे की नाही?"

"काय म्हणतात त्या?" मिस्टर फिन्टन डोक्यावरची उशी काढत म्हणाले.

"विचारतेय, या माणसाला आई आहे की नाही."

त्यांनी उशी सोफ्यावर नीट ठेवली. मग म्हणाले, "टफ ऑडियन्स." चहा अर्धा टाकून गेले. महिना सरत आला होता आणि हातात एकही हशा नव्हता. सकाळी गाडीत ते बोलेनासे झाले. एकदा फक्त म्हणाले, "परत गेलो तर राहायला माझ्याकडे एक बंद दुकान आहे. तिथे मला राहता येणार नाही." का, ते त्यांनी सांगितलं नाही.

आणि मग कुलूप आलं.

आमच्या फ्लॅटचं दार ओढून घेतलं की आपोआप बंद व्हायचं. पण आपोआप बंद होणाऱ्या गोष्टींवर आईचा विश्वास नव्हता. तिने कराडहून आपलं पितळी कुलूप आणलं होतं आणि वॉचमनकडून दाराला कडी-कोयंडाही ठोकून घेतला होता. एका शुक्रवारी आम्ही बर दुबईच्या देवळात निघालो. आईने कुलूप लावलं. ओढून बघितलं. लिफ्टपर्यंत आली. परत गेली, पुन्हा ओढलं. आम्ही लिफ्टचं दार धरून उभे. आई चार पावलं आली, थांबली, आपल्या हाताकडे बघितलं, जणू हातानेच खोटं सांगितलं होतं, आणि परत गेली. या खेपेला दोन्ही हातांनी कुलूप धरून तिने पाय जमिनीवरून जवळजवळ उचलले. कुलपाला अक्षरशः लोंबकळली.

समोरच्या दारात मिस्टर फिन्टन दुधाची पिशवी घेऊन उभे होते. 'फनी' म्हणाले नाहीत. दूध पिशवीतून टपटप गळत होतं, तेही त्यांच्या लक्षात नव्हतं.

आम्ही परत आलो तेव्हाही ते तिथेच होते, बहुधा मुद्दाम. आईने कुलूप जसंच्या तसं आहे ते पाहिलं, त्याच्यावर हलकेच थोपटलं आणि म्हणाली, "शहाणं माझं." मग किल्ली लावली.

संध्याकाळी बेल वाजली. दारात मिस्टर फिन्टन, इस्त्रीचा शर्ट, हातात खजुराचा डबा. मुलगी बघायला आलेल्या माणसासारखे सोफ्याच्या कडेला बसले.

"मिस्टर वसंत, मला तुमच्या आईचं काहीतरी चोरायचंय. विचारा त्यांना."

मी विचारलं. आई म्हणाली, "चोरायला कुणी विचारतं का? काय पाहिजे याला?"

त्यांनी सांगितलं, मी मराठीत केलं. तिचं कुलूप ओढणं फिल्ममधला मिस्त्री करणार. हुक अडकवणार, ओढणार, दोन पावलं जाणार, परत येणार. आई ऐकत होती. मग तिने सरळ त्यांच्याकडे बघून विचारलं, "म्हणजे लोक मला हसणार?"

हे मला सौम्य करून सांगता आलं असतं. पण आकडा आणि भाषांतर मी बदलत नाही. तसंच सांगितलं.

मिस्टर फिन्टन लालाचे पांढरे झाले. "हो," ते म्हणाले. "हसणार. त्यांना नको असेल तर मी करणार नाही. दुसरं माझ्याकडे काही नाही, पण करणार नाही."

आईने खजूर उचलला, बी काढली, विचार केला. "कुलूप ओढून बघणाऱ्याला लोक हसतात, पण चोरी हसणाऱ्याच्या घरी होते. हसू देत म्हणावं. माणूस पडला नाही म्हणजे झालं. आणि नीट ओढायला शिकव म्हणावं. उगाच हात लावल्यासारखं नको."

शिकवायला तीच बसली. मिस्त्रीच्या कामाला त्यांनी निवडला होता फोरमन गुल खान. पेशावरकडचा, सहा फूट, मिशा दाराच्या कडीएवढ्या. पुढच्या शुक्रवारी हा पहाड आमच्या दारात उभा राहून पितळी कुलूप ओढत होता आणि माझी पाच फुटी आई त्याला मराठीत रागवत होती. "तसं नाही रे! तोडतोस काय? मन लावून. संशय आला पाहिजे चेहऱ्यावर!"

"जी अम्मा," गुल खान म्हणायचा. "शक करना है. समझ गया."

फिल्म तयार झाल्यावर मजुरांच्या कॅम्पच्या अंगणात दाखवली, गुरुवारी, सूर्य मावळल्यावर, भिंतीला पांढरा कपडा लावून. चारेकशे माणसं जमिनीवर. पुढे खुर्च्यांवर इलियाससाहेब, आणि त्यांच्या शेजारी, "माझं कुलूप आहे, मी येणार" म्हणून हट्टाने आलेली आई. मिस्टर फिन्टन पडद्याकडे पाठ करून एका बाजूला उभे. विनोदी लेखक पडदा बघत नाही, तोंडं बघतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सुरुवातीला काहीच नाही. कुणी खोकलं. इलियाससाहेबांनी घड्याळ बघितलं. पडद्यावर गुल खान वर चढला, हुक अडकवला, ओढला. दोन पावलं गेला. थांबला. हाताकडे बघितलं. परत आला. मागच्या बाजूला कुणीतरी फुस्स केलं. गुल खान पुन्हा निघाला, पुन्हा थांबला. खाली जेवणाचे डबे उघडून बसलेले साथीदार त्याची वाट बघतायत. तो पुन्हा परत आला आणि दोन्ही हातांनी हुकाला लोंबकळला, तेव्हा सगळं अंगण फुटलं. मल्याळी मल्याळममध्ये हसत होते, पठाण पश्तूमध्ये. माझ्या मागचा एक बंगाली शेजाऱ्याच्या पाठीवर थापा मारत ओरडत होता, "आमार मा! एकदम आमार मा!" आणि त्याचा तेलुगू शेजारी आपल्या छातीवर हात मारून सांगत होता, तुझी नाही, माझी.

शेवटी फळी सरकते, गुल खान हवेत लोंबकळतो. खाली बघतो. वर हुकाकडे बघतो. आणि त्याला हलकेच थोपटतो. त्या हशात इलियाससाहेबांची खुर्ची पुन्हा करकरली.

मिस्टर फिन्टन त्या चारशे जणांकडे बघतच नव्हते. ते फक्त आईकडे बघत होते. आई तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. ते बघून ते वळले आणि पाण्याच्या टाकीमागे गेले. बऱ्याच वेळाने आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

परतताना गाडीत आई मागे डुलक्या घेत होती. ते माझ्या शेजारी. न विचारता बोलू लागले.

"ती हार्डवेअरवाली माझी आई होती. शब्दन् शब्द तिचा. मी तिला विचारलं नव्हतं. मला वाटलं, तिला आवडेल." खिडकीची काच खाली घेऊन म्हणाले, "गावोगावहून लोक बसने यायचे. दुकानात उभे राहायचे, काहीतरी मागायचे आणि ती विचारते का याची वाट बघायचे. तिने विचारणं बंद केलं. शिडी मागितली, शिडी दिली. विष मागितलं असतं तरी बांधून दिलं असतं. एक शब्द नाही."

"मग विक्री वाढली असेल," मी म्हणालो. हिशेबनिसाच्या तोंडून दुसरं काय निघणार.

"दुप्पट झाली. वर्षभराने तिने दुकान बंद केलं. आणि माझ्याशी हवापाण्यापलीकडे कधी बोलली नाही. मला रागावलीसुद्धा नाही. मालिकेच्या चौथ्या वर्षी गेली." रोल्लाचे दिवे दिसू लागले होते. "मालिका फनी होती, मिस्टर वसंत. ते वाईट आहे."

त्यांचा करार वाढला, पुढेही वाढत राहिला. साइटवर हुक ओढून बघण्याला नाव पडलं. गुल खान खालून ओरडायचा, "अम्मा किया?" आणि वरून उत्तर यायचं, "किया, किया!"

पैसे काढायची वेळ आली तेव्हा मिस्टर फिन्टन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, चार हजारांचे दोन भाग करा. ऑडिटर विचारतील म्हणून मी इलियाससाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "यल्ला, चल, तो म्हणतो तसं कर." संध्याकाळी पाकीट घेऊन मिस्टर फिन्टन स्वतः आमच्याकडे आले आणि दोन्ही हातांनी आईपुढे धरलं.

"हे काय?"

"पाचशे दिरहॅम आहेत, आई," मी म्हणालो. "जवळजवळ एकोणपन्नासशे रुपये. लेखिकेची फी म्हणतायत."

आईने पाकीट उघडलं, आत बघितलं आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत म्हणाली, "अरे, एवढे घेऊन मी काय करणार?"

मी भाषांतर केलं. नेहमीप्रमाणे, शब्दाला शब्द.

मिस्टर फिन्टन माझ्याकडे बघत राहिले, मग आईकडे. आणि त्यांच्या छातीतून एक आवाज आला, वर्षानुवर्षं न उघडलेलं शटर वर जावं तसा, आधी करकर, मग खडखड. ते हसत होते. हसता हसता दिवाणावर बसले, चष्मा काढला आणि हसतच राहिले. सुनंदा स्वयंपाकघरातून धावत आली. आईला काही कळेना. तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "हस बाबा," म्हणाली. "लागलं नाही ना कुठे?"

ते व्हाउचर मी स्वतः लिहिलं. मिस्टर फिन्टन यांस चेकने साडेतीन हजार दिरहॅम. श्रीमती कुसुम दातार, मुक्काम कराड, यांस रोख पाचशे. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी तेवढंच लिहिलं: मूळ लेखिका. परवानगी विचारली होती, मिळाली.